रस्त्याकडेची पिवळी ‘मोहरी’: यलो रॉकेट ओळखायचं कसं

एप्रिल संपत आला की न्यू जर्सीत हायवेच्या कडेला, पडीक शेतांत आणि कालव्याच्या बांधावर पिवळा रंग पसरतो. इथे नवीन आलेला मराठी माणूस गाडीतून तो बघतो आणि म्हणतो, “अरे, ही तर मोहरी!” मीही म्हटलं होतं. त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिने गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरून एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, “वास मोहरीचा आहे गं, पण हे पान मोहरीचं नाही.”

मी फोनमधल्या ॲपला विचारलं. पहिला फोटो बघून त्याने मोहरी सांगितली, दुसरा बघून हेज मस्टर्ड, तिसरा बघून यलो रॉकेट. झाड तेच होतं, फोटो तेवढे वेगळे होते.

आई बरोबर होती. ती मोहरी नव्हती, मोहरीची चुलत बहीण होती. इंग्रजीत तिला यलो रॉकेट किंवा विंटरक्रेस म्हणतात, शास्त्रीय नाव बार्बेरिया व्हल्गॅरिस. मूळची युरोप-आशियातली, अमेरिकेत बाहेरून आलेली आणि आता इथलीच होऊन बसलेली. म्हणजे आपल्यासारखीच. ती खात्रीने ओळखायला मला दोन वसंत लागले, कारण मी सारखी फुलंच बघत होते. पिवळ्या, चार पाकळ्यांच्या फुलावरून फक्त आडनाव कळतं. पहिलं नाव पान आणि शेंग सांगते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत. क्रम मोडू नका, नाहीतर माझ्यासारखे गोल फिरत राहाल.

बरोबर काय घ्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. दागिने बघायला सोनार वापरतो तसलं छोटंसं.
- एक सेंटचं नाणं. त्याचा व्यास १९ मिलिमीटर असतो, म्हणजे पट्टी विसरली तरी माप खिशात.
- पांढरा कागद. फूल-शेंग त्यावर ठेवून बघायला आणि फोटो काढायला.
- वही-पेन्सिल, फोन, पाण्याची बाटली.
- पूर्ण पँट, मोजे, बंद बूट. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. वेंधळं दिसतं, दिसू दे.

शेवटच्या मुद्द्याला हसू नका. इथल्या गवतात हरणांवरच्या गोचिडी असतात. त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होतो. या आजाराला नाव मिळालं ते जवळच्याच कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून. ही गोचीड लहान असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा. दुसरी काळजी पॉयझन आयव्हीची. एका देठावर तीन-तीन पानं असलेल्या वेलीला किंवा झुडपाला हात लावायचा नाही. पुरळ उठलं की दोन आठवडे झोप नाही.

१. वेळ आणि जागा आधी नोंदवा

यलो रॉकेट एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत फुलतं, भर मे महिन्यात. ओलसर, उघडी, कधीतरी खणलेली किंवा नांगरलेली जमीन त्याला आवडते. गर्द सावलीत ते क्वचितच दिसतं. तारीख आणि जागा वहीत लिहा, कारण पुढे बरीच नावं खोडायला एवढंच पुरतं. ऑगस्टात पिवळं फूल दिसलं तर ते बहुधा दुसरंच काहीतरी असतं.

सरकारी उद्यानांत पानं-फुलं तोडायला मनाई असते. तिथे बघा, फोटो काढा, तोडू नका. पुढे तोडून बघायच्या ज्या खुणा सांगणार आहे त्या स्वतःच्या अंगणात किंवा मालकाला विचारून बघायच्या.

२. फुलाला फक्त एकच प्रश्न विचारा: आडनाव काय?

कागदावर एक फूल ठेवा आणि मोजा.

पाकळ्या चार, अधिकच्या खुणेसारख्या समोरासमोर. त्यांच्याखाली हिरवट दलं तीही चार. आता भिंग लावा. आत पुंकेसर सहा असायला हवेत, चार उंच आणि दोन बुटके. हे चार-दोनचं गणित मोहरीच्या कुळाची सही आहे. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, अळीव, सगळी याच घरातली. कुळात सुमारे ४००० जाती आहेत, म्हणून इथे पोचलात की ‘सापडलं!’ म्हणून नाचू नका. चार हजारांतल्या एकीच्या अंगणात नुसते आला आहात.

यलो रॉकेटचं एकेक फूल लहान असतं, साधारण एक सेंटच्या नाण्याच्या निम्म्या रुंदीचं. रंग झगझगीत, हळदीसारखा. दांडीच्या टोकाला फुलांचा दाट झुबका असतो.

आता सापळे. यांत मी स्वतः एकदा तरी अडकले आहे.

एप्रिलमध्ये ओढ्याकाठी जमिनीला चिकटून पिवळा गालिचा दिसतो. त्याच्या पाकळ्या आठ ते बारा, तुळतुळीत. ते लेसर सेलँडाइन, मोहरीशी संबंध नाही. दमट रानात गोल्डन रॅगवर्ट असतं. त्याचं फूल डेझीसारखं, मध्ये चकती आणि भोवती झालर. त्याची वरची पानं कातरलेली असल्याने फसायला होतं आणि ते यकृताला विषारी आहे. जूनपासून वाइल्ड पार्सनिप फुलतं. उघड्या छत्रीच्या काड्यांसारखे देठ, टोकांना बारीक पिवळी फुलं. त्याचा रस कातडीला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. छत्री दिसली की हात मागे. ईव्हनिंग प्रिमरोजला चार पाकळ्या असतात खऱ्या, पण पुंकेसर आठ, आणि फूल इतकं मोठं की शंका यायचं कारण नाही.

गावाकडची पिवळी तिळवण आठवते? पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते, चार पिवळ्या पाकळ्या, लांब शेंग. तीही मोहरीच्या कुळातली नाही. तिची पानं हाताच्या बोटांसारखी फुटलेली आणि अंग चिकट. चार पाकळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे खरं तर आपल्याला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं.

३. देठ मोडा, चीक बघा

ही पायरी अर्ध्या मिनिटाची आहे, पण सगळ्यात महत्त्वाची. तिची गोष्ट सांगते.

आमच्या गॅरेजमागे भिंतीलगत सावलीत मे महिन्यात पिवळी फुलं आली. चार पाकळ्या, बारीक लांब शेंगा. मी वही घेऊन बसले, ‘यलो रॉकेट’ लिहूनही टाकलं. आई कपडे वाळत घालत होती. ती आली, वाकली, एक देठ मोडला आणि बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. बोटावर नारिंगी-पिवळा चीक होता, आयोडीन लावल्यासारखा.

“हे धोत्र्याच्या जातीचं आहे,” ती म्हणाली. “टाक ते, हात धू.”

ते ग्रेटर सेलँडाइन होतं, म्हणजे अफूच्या कुळातलं. आपला पिवळा धोत्रा याच कुळातला, आणि मोडल्यावर त्यालाही असाच पिवळा चीक येतो. आईने हे झाड जन्मात पाहिलं नव्हतं, पण कुळ बरोबर सांगितलं. पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीच्या दाण्यांसारख्या दिसतात, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, अंगावर सूज येण्याच्या रोगाची साथ आली आणि माणसं दगावली. तेव्हा हा काही पुस्तकी भेद नाही.

मोहरीच्या कुळातल्या झाडाचा देठ मोडला तर पाण्यासारखा रस येतो. पिवळा, नारिंगी, दुधाळ, कुठलाही रंगीत चीक आला की ते झाड यादीतून बाद. सेलँडाइनच्या फुलात पुंकेसर पुष्कळ असतात, झुबकाच. दुसऱ्या पायरीत सहा मोजायला सांगितले ते यासाठी. मी त्या दिवशी मोजले नव्हते.

४. पान चुरगळून वास घ्या

पंचामृतात किंवा लोणच्यात घालायला मोहरी फेसताना नाकात जो झटका बसतो, तोच इथे शोधायचा, पण हलका. मोहरीच्या कुळातल्या झाडांत तिखटपणाचा कच्चा माल आणि त्याला तिखट करणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं असतं. पान चुरगळलं किंवा दाणा वाटला की दोन्ही एकत्र येतात आणि वास उसळतो. फोडणीत तडतडलेली मोहरी नाकात जात नाही, कारण तापलेल्या तेलात ते विकर मरतं.

वासाने आडनावाची खात्री होते, त्यापुढे काही नाही. आईचं पहिलं वाक्य आठवा. वास न आल्यासही लगेच बाद करू नका, सर्दी झालेली असू शकते. आणि ही पायरी तिसरीच्या नंतरच. आधी चीक, मग चुरगळणं.

५. पान खालून वर वाचा

इथे वेळ द्या. खरी ओळख इथे पटते.

झाडासमोर चक्क उकिडवे बसा. बहुतेक जण वरची दोन पानं बघून निघून जातात. पण या झाडाचं जमिनीलगतचं, मधलं आणि शेंड्याजवळचं पान ही तीन वेगवेगळी पानं वाटतात. तिन्ही बघायची.

जमिनीलगत पानांचा फेर असतो, बशीसारखा पसरलेला. त्यातलं एक पान घ्या आणि मुळ्याचा पाला आठवा. टोकाला मोठा गोलसर भाग आणि खाली देठाच्या दोन्ही बाजूंना लहान-लहान तुकडे, जोडीजोडीने. यलो रॉकेटमध्ये अशा एक ते चार जोड्या असतात. पण मुळ्याचं पान खरखरीत, लव असलेलं. हे मात्र गुळगुळीत आणि गर्द हिरवं. उन्हात तिरकं धरलं की तेलाचा हात फिरवल्यासारखं चकाकतं. ही चकाकी एकदा डोळ्यांत बसली की चालत्या गाडीतूनही झाड ओळखू येतं. (गाडी दुसऱ्याने चालवावी.)

दांडीवर मधल्या उंचीला आलात की बाजूचे तुकडे कमी होत जातात. शेंड्याजवळच्या पानांना तुकडे नसतातच. कडेला मोठे, ओबडधोबड दाते आणि बुडाशी दोन छोटे कान. त्या कानांनी पान दांडीला मिठी मारतं. कान बघायला पान किंचित मागे ओढा.

दांडी उभी, ३० ते ९० सेंटिमीटर, अंगावर उभ्या कडा असलेली आणि बिनलवेची. बोटांत धरून फिरवली की कडा लागतात. खालच्या बाजूला ती बऱ्याचदा जांभळट असते.

अंगठ्याची एक युक्ती सांगते. बाजारातून कोबी आणल्यावर वरच्या पानांवर राखेसारखा निळसर थर असतो, अंगठ्याने पुसला की निघतो. तसा थर या झाडाच्या पानावर असेल तर ते यलो रॉकेट नव्हे. ते मोहरी-कोबीच्या ब्रॅसिका गटातलं, बहुतेक रानावर गेलेलं सलगम.

६. शेंग मोजा

“अजून शेंगा कुठे आल्यात?” असं म्हणून पुष्कळ जण ही पायरी सोडतात. पण दांडी खालून वर फुलत जाते. टोकाला कळ्या, त्याखाली फुलं आणि फुलांच्या खाली, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच, दोऱ्याएवढ्या कोवळ्या शेंगा. म्हणजे एकाच दांडीवर तिन्ही पिढ्या नांदतात. फक्त टोकाचा फोटो काढला तर पुरावा खालीच राहतो. ॲपने मला तीन नावं सांगितली ती याचमुळे.

तयार शेंग नाण्याशेजारी ठेवा. लांबी दीड ते तीन सेंटिमीटर, म्हणजे नाण्याहून जराशी कमी ते दीडपट. बारीक, किंचित चौकोनी. टोकाला इवलीशी चोच, दोन-तीन मिलिमीटरची. शेंगेचा देठ शेंगेहून बारीक. शेंगा दांडीपासून थोड्या सुटून वर कललेल्या असतात.

आपल्याकडे मुळ्याच्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. त्या फुगीर, मांसल. इथे तसं काही नसतं, नुसती काडी.

शेंग वाळल्यावर आणखी एक गंमत बघायला मिळते. दोन्ही टरफलं खालून सुटत वर जातात, बी गळतं आणि मध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पडदा देठावर उभा राहतो. हा पडदाही मोहरीच्या कुळाची खूण. जूनच्या शेवटी सगळी शेंग गेली तरी पडदे उभे असतात.

७. चुलत बहिणी एकेक करून खोडा

इथवर सगळं जुळलं असेल तर चार-पाचच नावं उरतात.

*अर्ली विंटरक्रेस.* ही सख्खी बहीण, बार्बेरिया व्हर्ना. हिच्या फेरातल्या पानांना तुकड्यांच्या जोड्या जास्त, कधी कधी दहापर्यंत, आणि शेंड्याजवळची पानंही खोल कापलेली. शेंग चांगली साडेचार ते सात सेंटिमीटर आणि तिचा देठ शेंगेएवढाच जाड. दक्षिणेकडच्या राज्यांत हिलाच क्रीझी ग्रीन्स म्हणून भाजीसाठी लावतात. मी सगळ्यात जास्त वेळ हिच्यापाशी अडकले. शेवटी शेंगेच्या मापानेच सुटका झाली.

*रानावर गेलेलं सलगम.* निळसर थर, दांडीला मिठी मारणारी वरची पानं, लांब चोचीच्या शेंगा. उमललेली फुलं टोकाच्या कळ्यांच्या वर गेलेली दिसतात.

*चारलॉक.* खालच्या दांडीवर राठ केस. फुलाखालची हिरवी दलं आडवी पसरलेली. वरच्या पानांना कान नाहीत.

*काळी मोहरी.* जून उजाडल्यावर फुलते. पानांना देठ असतात, शेंगा दांडीला चिकटून उभ्या.

*हेज मस्टर्ड.* फुलं अगदी चिमुकली, तीन-चार मिलिमीटरची. शेंगा दांडीला इतक्या चिकटलेल्या की दांडीच जाड वाटते. फांद्या तारेसारख्या आडव्या फुटतात. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही, त्यामुळे हिच्यावर वेळ घालवू नका.

पांढऱ्या फुलांचं, लसणाच्या वासाचं गार्लिक मस्टर्डही याच दिवसांत दिसेल. कुळ तेच, पण फूल पांढरं आहे एवढंच बघून पुढे चला.

८. फोटो पाच काढा, एक नको

ॲप किंवा जाणकार माणूस, दोघांनाही एका सुंदर फुलाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. आपण मात्र नेमका तोच काढतो, मागे आभाळ वगैरे. त्याऐवजी हे काढा: पूर्ण झाड, जमिनीलगतचं पान कागदावर, शेंड्याजवळचं पान कानांसकट, फूल समोरून आणि शेंगा नाण्याशेजारी.

हे पाच फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, म्हणजे झाडं-प्राणी ओळखायला लोक एकमेकांना मदत करतात त्या संकेतस्थळावर. तिथे तारीख, जागा आणि फोटो असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं तर नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. तिथली जागा दाखवताना घरचा पत्ता झाकायची सोय आहे, ती वापरा. कुणी वेगळं नाव सुचवलं तर रुसू नका, कुठल्या खुणेवरून ते विचारा. मी व्हर्ना आणि व्हल्गॅरिसमधला फरक अशाच एका अनोळखी माणसाच्या दोन ओळींच्या उत्तरातून शिकले. त्याने लिहिलं होतं, शेंगेचा देठ बघा.

९. भाजी करायची का?

मराठी माणसाचा हा प्रश्न येणारच, म्हणून वेगळी पायरी.

युरोपात आणि अमेरिकेतही हिची कोवळी पानं लोक खात आले आहेत. नावातच ती गोष्ट आहे. बार्बेरिया हे नाव संत बार्बरा यांच्यावरून पडलं. त्या खाणकामगारांच्या आणि तोफखान्याच्या संरक्षक मानल्या जातात आणि त्यांचा दिवस ४ डिसेंबर. थंडीत बाकी सगळं करपलेलं असताना तेव्हाही हा पानांचा फेर हिरवा असतो. विंटरक्रेस नाव पडलं तेही त्यामुळेच.

पण पान कडू आहे, आणि फुलं आल्यावर फारच कडू. त्यात सॅपोनिन नावाची रसायनं असतात. चौकोनी ठिपक्यांचा पतंग माहीत असेल, आपल्याकडे कोबी-फ्लॉवरच्या शेतकऱ्याला रडवणारा. त्याची मादी या चकचकीत पानांवर आनंदाने अंडी घालते, पण अळ्या पान खाऊन सॅपोनिनमुळे मरतात. म्हणूनच कोबीच्या शेताजवळ हे झाड सापळा म्हणून लावता येईल का, यावर संशोधन झालं आहे. हे वाचल्यावर मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “अळीला जे पचत नाही ते मला कशाला?”

त्याआधी तिने एकदा करून पाहिली होती. अंगणातली, कधीच फवारणी न झालेली कोवळी पानं, दोनदा उकडून, पाणी टाकून, वर लसणाची फोडणी. आम्ही दोघींनी एकेक घास खाल्ला. तिचा निकाल असा की मेथी स्वस्त आहे. माझंही मत तेच. आणि हा लेख वाचून कुणी भाजी करू नका. ओळखता येणं वेगळं, खाण्याइतकी खात्री असणं वेगळं. त्यासाठी जाणकार माणूस शेजारी उभा हवा. रस्त्याकडेचं तर कधीच नको. तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं आणि जुन्या रस्त्यांच्या मातीत पेट्रोलमधलं शिसं अजून आहे.

१०. अंगणात आलं असेल तर

ठेवायचं की काढायचं हे तुम्ही ठरवा. वसंतात मधमाश्या यावर येतात. पण एका झाडाचं पुढच्या वर्षी रान होतं, आणि बी जमिनीत अनेक वर्षं तग धरतं. काढायचं असेल तर शेंगा पिकायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट उपटा. नुसती दांडी कापली तर खालचा फेर पुन्हा फुटतो. शेंगा आल्या असतील तर उपटलेलं झाड खताच्या ढिगावर टाकू नका, पिशवीत बांधा.

आम्ही एक ठेवलं आहे, कुंपणाच्या कोपऱ्यात. ओळख पक्की करायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे एकच झाड वर्षभर बघणं. शरदात फेर सापडला की शेजारी काठी रोवायची, काठीवर तारीख लिहायची. आमच्या काठीवर १२ ऑक्टोबर आहे. आई आता परत गेली आहे, पण रविवारी व्हिडिओ कॉल लागला की कॅमेरा कोपऱ्याकडे फिरवायला लावते. मागच्या खेपेला वर चार बोटं बर्फ होता. हातमोज्याने बाजूला केला, तर खाली पानं तशीच चकचकीत. “मधलं पान उचल जरा,” ती म्हणाली, “जोड्या मोजू दे.” तीन होत्या.